येत नसेल तर डावा हात

आमच्या घरात वाद झाला की जयंती आवाज चढवत नाही. शांतपणे म्हणते, "सिद्ध करून दाखवा." मी जन्मभर बँकेत बसून लोकांना व्याज समजावून सांगितलं, पण बायकोला आजतागायत एकही गोष्ट सिद्ध करून दाखवू शकलो नाही. ती गणिताची शिक्षिका. माझी जिथे बदली व्हायची तिथे ती नवी शाळा शोधायची, आणि वर्षभरात त्या शाळेतली मुलं आमच्या घरी यायला लागायची. जयपूर ही माझी शेवटची बदली. निवृत्त झालो की सांगलीला परतायचं ठरलं होतं, ट्रकवाल्याशी बोलणंही झालं होतं. पण इथल्या मानसरोवर भागातल्या शाळेतला पाचवीचा वर्ग काही तिला सोडवेना. मग मीही इथेच राहिलो, भाजी निवडून घ्यायला शिकलो आणि दुपारी तिचा डबा पोचवायला लागलो.

डबा द्यायला गेलो की मी खिडकीतून तिचा वर्ग बघत उभा राहायचो. तिची एक रीत होती. प्रश्न विचारला की वर्गातल्या प्रत्येकाने हात वर करायचा. येत असेल तर उजवा, येत नसेल तर डावा. हात खाली ठेवून कुणी बसायचं नाही.

"मान खाली घालून बसलेलं मूल मला दिसतच नाही हो," ती म्हणायची. "डावा हात वर आला की मला कळतं, आता कुठे जायचं ते."

आणि ती खरंच जायची. उजव्या हातांपैकी एखाद्याला उत्तर विचारायची, ते पडताळून घ्यायची, आणि मग सरळ डाव्या हाताच्या बाकाशी जाऊन त्या मुलाच्या शेजारी बसायची. मुलाला चांगलंच सरकून घ्यावं लागायचं, कारण आमची जयंती काही सडपातळ नाही. पण तिथे डावा हात वर करायची कुणाला लाज वाटत नसे. उलट बाई शेजारी येऊन बसतात म्हणून एकदोन लबाड येत असूनही डावा करायचे, आणि ती त्यांचा कान धरायची.

जुलैत त्या वर्गात अनुया आली. तिचे वडील संग्राम लष्करात हवालदार, मूळचे साताऱ्याकडचे. जयपूरला बदली झाली, पण छावणीत क्वार्टर मिळेना, म्हणून कुटुंब शहरातच सोडाला भागात भाड्याने राहिलं होतं. पोरगी शाळेच्या बसने मानसरोवरात यायची. पहिल्याच दिवशी जयंतीने अपूर्णांकांचा प्रश्न विचारला, तेव्हा या नव्या मुलीने इकडेतिकडे बघितलं, शेजारणीकडून नियम समजून घेतला आणि डावा हात ताठ वर केला. जयंती तिच्याजवळ जाऊन बसली आणि हिंदीत म्हणाली, "क्या नहीं आया, बेटा?"

बाईंना मराठी कळणार नाही असं समजून पोरगी स्वतःशीच पुटपुटली, "आईशप्पत, काहीच नाही."

हे सांगताना त्या संध्याकाळी जयंतीला हसू आवरत नव्हतं. मग मात्र ती गंभीर झाली. अनुया मंद नव्हती. तिचं दुखणं वेगळंच होतं. सिकंदराबादच्या शाळेत अपूर्णांक दिवाळीनंतर शिकवायचे होते, आणि हिच्या वडिलांची बदली दसऱ्याला झाली. पठाणकोटला पोचली तर तिथे ते आधीच शिकवून संपले होते. दोन्ही शाळांचं काही चुकलं नव्हतं. दोन्हीकडचा अभ्यासक्रम पूर्ण झाला होता, फक्त हिच्याशिवाय.

"मॅडम, मी जिथं जाते ना, तिथं तो चॅप्टर झालेला असतो," अनुयाने तिला सांगितलं होतं. "नाहीतर मतलब, मी गेल्यावर होतो."

एक छेद चार हा एक छेद दोनपेक्षा मोठा, असं ती छातीठोकपणे सांगायची, कारण चार दोनपेक्षा मोठे. बेरीज करायची तर वरचे वर मिळवायची आणि खालचे खाली. जयंतीने तिला शब्द दिला, "तू जयपूर सोडशील त्याच्या आत तुला अपूर्णांक येणार. ही माझी जबाबदारी." असा शब्द ती सहसा कुणाला देत नाही. मला तर लग्नातही दिला नव्हता, नुसतं हसली होती.

शाळा सुटल्यावर बसची दुसरी फेरी निघेपर्यंत अर्धा तास असायचा. तो त्या दोघींचा झाला. कागदाच्या घड्या घालून झाल्या, घरची पोळी फाडून झाली. एकदा तर मी आणलेला घेवर, इकडची ती गोल जाळीदार मिठाई, जयंती रुमालात गुंडाळून शाळेत घेऊन गेली. मला चवीलाही उरला नाही. नवरात्राच्या सुमारास एके दिवशी ती घरी आली ती चप्पल न काढताच थेट स्वयंपाकघरात. "अहो, आज ती आपणहून म्हणाली, जेवढे जास्त वाटेकरी तेवढा वाटा लहान. मी सांगितलं नाही, तिची ती म्हणाली!" त्या संध्याकाळी मला तुपातला शिरा मिळाला. बेरीज अजून यायची होती, पण आता ती फार लांब नव्हती.

आणि तेवढ्यात गणित सुधारायची मोहीम निघाली.

ज्या संस्थेची ही शाळा, तिच्या जयपुरात बऱ्याच शाखा आहेत. मुलं गणितात मागे पडतात म्हणून संस्थेने ठरवलं की सगळ्या शाखांमधून एका शिक्षकाची पद्धत निवडायची, तिचा व्हिडिओ करायचा आणि ती सगळीकडे लावायची. झालान्यातल्या सरकारी शिक्षण कार्यालयातून कुणी जाणकार पाहुणे धडा बघायला येणार होते. मुख्याध्यापिका शेखावत मॅडम वर्ग बघायला म्हणून जयंतीच्या तासाला आल्या. प्रश्न विचारल्याबरोबर वर्गातले सगळे हात वर गेलेले बघून त्या दारातच थबकल्या.

"जयंतीजी, ये तो कमाल है! पूरी क्लास के हाथ ऊपर!"

जयंतीने त्यांना नियम समजावून सांगितला. डाव्या-उजव्याचा अर्थ कळल्यावर त्या जास्तच खूश झाल्या. म्हणाल्या, "मेहमानों के सामने बस दायें हाथ वालों से पूछिएगा. बायें वालों को हम बाद में देख लेंगे. एक दिन की तो बात है."

त्या संध्याकाळी आमच्या आमटीत मीठ दोनदा पडलं. मी पाणी ओतून घेतलं. जेवता जेवता जयंती आपल्याच मनाशी वाद घालत होती. ही पद्धत निवडली गेली तर ती सगळ्या शाखांमध्ये जाईल. आज किती वर्गांत किती मुलं मान खाली घालून बसली असतील. त्या सगळ्यांचे डावे हात वर येतील. त्यासाठी एक दिवस एक धडा जरा सजवला तर काय बिघडलं? शेवटी तिने माझ्याकडे बघितलं. मला ते पटत नव्हतं. पण सिद्ध करून दाखवता येईना.

तो एक दिवस काही एक दिवस राहिला नाही. आधी तालीम आली. तालमीला वर्ग रिकामा हवा, म्हणून ती शाळा सुटल्यावर. कॅमेरावाल्याला दुपारचं ऊन हवं होतं, ते नेमकं त्याच अर्ध्या तासात खिडकीतून आत यायचं. निवडक मुलं थांबवून घेतली जात. उत्तर कुणी द्यायचं, कधी अडखळायचं, कधी हसायचं, सगळं ठरलं. मी डबा परत आणायला गेलो की व्हरांड्यात अनुया दिसायची. दप्तर मांडीवर, नजर वर्गाच्या दाराकडे. मी विचारलं तर मलाच धीर दिल्यासारखी म्हणाली, "मॅडम बिझी आहेत ना काका. होईल नंतर." मग बसचा भोंगा वाजायचा आणि ती बसमध्ये जाऊन बसायची.

धडा उत्तम झाला. पाहुण्यांनी टाळ्या वाजवल्या. जयंतीची पद्धत निवडली गेली, शाल मिळाली, नारळ मिळाला, आणि शेखावत मॅडमनी तिला सगळ्या शाखांमधल्या शिक्षकांना शिकवायला पाठवलं. आज विद्याधर नगर, उद्या सांगानेर. तिचा पाचवीचा वर्ग एका नव्या, बिचाऱ्या घाबरट शिक्षिकेकडे दिला. तिनेही नियम पाळला. प्रश्न विचारला की सगळे हात वर, आणि उत्तर उजव्या हाताचं. डाव्या हातांचं काय करायचं हे तिला कुणी सांगितलंच नव्हतं. व्हिडिओत तो भाग नव्हता.

जयंती थकून घरी यायची. "पुढच्या आठवड्यात अनुयाला घेऊन बसते," असं म्हणायची. ते ती मनापासून म्हणायची, म्हणून मला जास्तच त्रास व्हायचा. मुलांच्या बाजूने कसं उभं राहायचं हे शहरभर सांगत फिरणारी माझी बायको स्वतःच्या वर्गात जायला मोकळी नव्हती. एकदा मी तसं तोंडावर बोललो. ती म्हणाली, "तुम्हाला वाटतं, मला कळत नाही?" आणि आतल्या खोलीत निघून गेली.

डिसेंबरात एका शनिवारी दुपारी अनुयाची आई हर्षाली लेकीला घेऊन आमच्याकडे आली. हातात गावाहून आलेल्या कंदी पेढ्यांचा डबा. मी वाढदिवस आहे का विचारलं, तर ती हसली.

"वाढदिवस कसला काका, बदली आलीय. तेजपूरला. परवाची गाडी हाय. ह्यांना आधीच जायला लागलं, मी पेट्या भरतीय."

जयंती पाण्याचे पेले घेऊन येत होती. ती तिथेच उभी राहिली. "पण वर्ष संपेपर्यंत राहणार होतात ना तुम्ही?"

"आमचं काय मॅडम, कागद आला की उठायचं. पण म्हटलं, तुम्हाला भेटल्याबिगर जायचं न्हाई. तुमचे लई उपकार हाईत. आमच्या पोरीला गणित आलं." असं म्हणत हर्षालीने मोबाइल पुढे केला. "ह्यो व्हिडिओ मी गावाकडं समद्यांना पाठवलाय. हिचे आजोबा तर रोज बघत्यात. बघा तुम्ही, एकदा तरी हात खाली आलाय का हिचा!"

आम्ही तिघं त्या छोट्या पडद्यावर वाकलो. खिडकीशेजारच्या बाकावर अनुया होती. हात कानाला चिकटून ताठ वर. जयंती प्रश्न विचारत होती, उजव्या हाताची मुलं उभी राहून उत्तरं देत होती, मागे पाहुणे मान डोलवत होते. पुढचा प्रश्न, पुढचं उत्तर. अनुयाचा हात तसाच. मध्येच तो दुखायला लागला असावा, कारण तिने दुसऱ्या हाताने त्याला कोपराजवळ आधार दिला. तो डावा हात होता. संपूर्ण व्हिडिओभर तो डावाच होता. एकदा जयंतीची नजर त्या बाकावर गेलेली दिसली, क्षणभर पाऊलही तिकडे वळलं. मग ती फळ्याकडे वळली.

हर्षालीचा चेहरा अभिमानाने फुलून आला होता. तिला कुणी नियम सांगितलाच नव्हता. हात वर म्हणजे उत्तर येतं, एवढं तर जगात सगळ्यांनाच ठाऊक असतं. अनुया आमच्या फरशीकडे बघत होती. आईला तिने खरं सांगितलं नव्हतं, आणि का सांगितलं नव्हतं ते मला समजत होतं. तिकडे गावी आजोबा रोज बघत होते.

जयंतीने पेले खाली ठेवले. "हर्षाली, हिला संध्याकाळपर्यंत माझ्याकडे ठेवून जा."

"अवो मॅडम, आता तर शाळाच सुटली की हिची."

"तरी पण ठेव."

हर्षाली स्कूटरवरून पेट्या बांधायला गेली. जयंतीने टेबल मोकळं केलं. थंडीचे दिवस, घरात गजक होतीच. गुळाची आणि तिळाची पातळ वडी, सुरीने सरळ कापता येते. तिने एक चौकोनी तुकडा ताटलीत ठेवला. मी पेपर तोंडासमोर धरून कोपऱ्यात बसलो. वाचत नव्हतो हे दोघींनाही माहीत होतं.

अर्धा, पाव, तिसरा हिस्सा. शिकलेलं अनुया विसरली नव्हती. पण अर्ध्यात तिसरा हिस्सा मिळवायला सांगितल्यावर तिने जुन्या सवयीने कागदावर लिहिलं, दोन छेद पाच.

"बरं," जयंती म्हणाली. "पाच वाट्यांतले दोन. ते अर्ध्याहून जास्त की कमी?"

अनुयाने गजकीकडे बघून विचार केला. "कमी. थोडेसे कमी."

"मग अर्ध्यात आणखी काही घातल्यावर ते अर्ध्याहून कमी कसं होईल?"

पोरगी चमकली. तिच्या कपाळावर ती आठी आली, जी आली की जयंती वर्गात गप्प बसून वाट बघते. माझी बायको ही वाट बघण्यातच खरी शिक्षिका आहे. मूल अडलं की ती त्याला अडू देते. पण आज तिने वाट बघितली नाही. बाल्कनीतलं ऊन सरकायला लागलं होतं. तिने घाईने सहा वाटे करायला घेतले, अर्धा म्हणजे सहातले तीन, तिसरा हिस्सा म्हणजे सहातले दोन, तीन आणि दोन पाच, बघ, सहातले पाच. परत एकदा सांगितलं. मग वेगळं उदाहरण घेऊन परत. बोलण्याचा वेग वाढत गेला. सुरी दाबून धरल्यामुळे गजकीचा भुगा झाला, मग सगळे वाटे सारखे दिसेनात, मग तिने दुसरी वडी घेतली. "आलं ना लक्षात? आलं ना?" असं ती मध्ये मध्ये विचारत होती आणि उत्तराला थांबत नव्हती. अनुया मान हलवत होती. कपाळावरची आठी केव्हाच पुसून गेली होती. मला उठून जयंतीचा हात धरावासा वाटला. पण कुणाच्या वर्गात शिरू नये, हे तिनेच मला शिकवलंय.

खाली स्कूटरचा हॉर्न वाजला.

जयंतीने सुरी ठेवली. केस मागे सारले आणि नेहमीच्या, वर्गातल्या आवाजात विचारलं, "समजलं?"

अनुयाचा डावा हात टेबलावरून जरासा उचलला गेला. मी पाहिलं. मग तिने मान वर करून जयंतीकडे बघितलं. जयंतीचे डोळे, तिळाने माखलेली बोटं, ताटलीतला भुगा, सगळं तिने नीट बघितलं. डावा हात हळूच मांडीवर नेऊन ठेवला. आणि उजवा वर केला. ताठ, कानाला चिकटून.

जयंतीने आजवर उजवा हात कधी तसाच सोडलेला नाही. उजवा हात म्हणजे पुढचा प्रश्न, हा तिच्या वर्गातला कायदा. मी त्या प्रश्नाची वाट बघत राहिलो.

तिने प्रश्न विचारला नाही. "शाब्बास," म्हणाली. उरलेली गजक तिने कागदात बांधून अनुयाच्या हातात दिली.

अनुया दोघांच्याही पाया पडली. दाराशी चप्पल घालताना वळून म्हणाली, "मॅडम, तेजपूरला तो चॅप्टर झाला नसेल अजून. बहुतेक नसेल." आणि जिना उतरून गेली. खालून हर्षालीचा "येतो हं मॅडम" असा आवाज आला, स्कूटर सुरू झाली, आणि थोड्या वेळाने मेट्रोच्या आवाजात मिसळून गेली.

जयंती टेबलाशीच बसून होती. "तिला आलं नाही," ती म्हणाली.

"मला दिसलं."

"मला वाईट वाटू नये म्हणून तिने..." तिने ताटली पुढे ओढली.

मला त्या वेळी माझ्या बायकोची दया आली आणि रागही आला, आणि दोन्ही एकदम येतात तेव्हा माणसाने काय करायचं असतं ते मला ठाऊक नाही. दहा वर्षांच्या मुलीने बाईंना सांभाळून घेतलं होतं. हे असं उलटं कुठल्याच शाळेत व्हायला नको. मी बँकेतल्या माणसासारखा एकामागून एक उपाय सुचवायला लागलो. फोनवरून शिकव. सोमवारी शेखावत मॅडमना सांग की माझा वर्ग मला परत द्या, तुमची शाल परत घ्या. नव्या व्हिडिओत तुझं ते शेजारी जाऊन बसणं घालायला लाव. सगळे बरोबर होते आणि सगळ्यांना उशीर झाला होता.

ती ताटलीतले वाटे बोटाने जुळवत होती, पण भुगा झालेला तुकडा काही जुळत नव्हता. शेवटी मी विचारलं, "मग आता काय करायचं, जयंती?"

तिने ताटलीवरची नजर उचलली नाही. हात तेवढा वर केला. डावा. वर्गातली मुलं करतात तसा, ताठ.

डावा हात दिसला की उठून त्या बाकाशी जायचं, एवढा तिचा नियम मला खिडकीतून बघून बघून पाठ झाला होता. मी पेपर खाली ठेवला, खुर्ची ओढली आणि तिच्या शेजारी जाऊन बसलो.